जातिवंत मांजरांचे आनुवंशिक आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे जातिवंत मांजर म्हटलं की बहुतेक घरांत पर्शियनच असतं. त्यामुळे विचारणाही सगळ्यांत जास्त पर्शियनबद्दल होते. त्याखालोखाल मेन कून, ब्रिटिश शॉर्टहेअर आणि आताशा स्कॉटिश फोल्ड. उत्तरंही त्याच प्रमाणात लहानमोठी झाली आहेत. एकच उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. आनुवंशिक आजार म्हणजे जन्मतःच दिसतो ना? आमचं पिल्लू तर दिवसभर पडद्यावर चढतंय.

दोष जन्मापासून अंगात असतो, पण दिसायला कधी कधी वर्षं जातात. पर्शियनचा किडनीचा आजार साधारण सातव्या वर्षाच्या आसपास लक्षणं दाखवतो. मेन कूनचा हृदयाचा आजार ऐन तारुण्यात उघड होऊ शकतो, नाहीतर म्हातारपणापर्यंत गप्प बसतो. उलट पर्शियनमध्ये आढळणारा डोळ्यांच्या पडद्याचा एक आजार इतका घाईचा आहे, की पिल्लू चारेक महिन्यांचं होईस्तोवर त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली असते. म्हणजे पिल्लाच्या उड्या पाहून काहीच ठरवता येत नाही. मांजर आजार लपवण्यात पटाईत असतं, हे त्यात आणखी.

२. आमच्या पर्शियनची कागदपत्रं नाहीत. विकणाऱ्याने "डॉल फेस, ट्रिपल कोट" एवढंच सांगितलं होतं. मग हे सगळं आम्हाला लागू होतं का?

होतं. वंशावळीचा कागद नसला म्हणून आईबापांकडून आलेली जनुकं बदलत नाहीत. डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस ही बाजारातली नावं चेहरा किती चपटा आहे एवढंच सांगतात, आणि ट्रिपल कोट म्हणजे केस दाट. आरोग्याबद्दल यातून काहीही कळत नाही. पर्शियन आणि गावठी यांच्या संकरातून झालेल्या पिल्लालाही किडनीचा आजार पुरेपूर येऊ शकतो. का, ते प्र. ४ मध्ये.

दुसऱ्या बाजूने, कागद आहे म्हणूनही निर्धास्त होऊ नका. वंशावळीत आजोबा-पणजोबांची नावं असतात, त्यांच्या किडन्यांचे फोटो नसतात. ब्रीडरला विचारायचंच असेल तर "हेल्दी आहे ना?" असं विचारू नका, त्याला उत्तर एकच येतं. "आईबापांची पीकेडीची तपासणी झाली आहे का, रिपोर्ट दाखवता का?" असं विचारा. पीकेडी म्हणजे हाच किडनीचा आजार.

३. कोणत्या जातीत काय पाहायचं, थोडक्यात सांगाल का?

पर्शियन, एक्झॉटिक आणि हिमालयन: किडनीतल्या गाठी, चपट्या चेहऱ्याचे त्रास, काही प्रमाणात हृदय. मेन कून आणि रॅगडॉल: हृदय. ब्रिटिश शॉर्टहेअर: हृदय, किडनी आणि रक्तगटाची भानगड (प्र. १६). स्फिंक्स: हृदय. स्कॉटिश फोल्ड: सांधे आणि हाडं. अॅबिसिनियन आणि सोमाली: लाल रक्तपेशी लवकर फुटण्याचा एक आजार आणि डोळ्यांचा पडदा. बंगाल: हेच दोन्ही, वर हृदय. मँक्स: शेपटी नसण्याबरोबर येणारे मणक्याचे दोष.

सयामी म्हणून आपल्याकडे जी मांजरं दिली जातात, त्यांतली बरीच नुसत्या तोंडा-कानांच्या गडद रंगावरून सयामी ठरलेली असतात. त्यांच्या बाबतीत जातीच्या यादीपेक्षा प्र. ६ मधली वही जास्त उपयोगाची.

४. पीकेडी म्हणजे नक्की काय?

पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. दोन्ही किडन्यांत पाण्याने भरलेल्या बारीक गाठी जन्मापासून असतात. त्या वर्षानुवर्षं वाढत जातात आणि किडनीचा कामाचा भाग दाबून टाकतात. कारण एकाच जनुकातला एकच बदल. अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २००४ मध्ये शोधून काढला. त्याआधीच्या पाहण्यांमध्ये वेगवेगळ्या देशांतल्या पर्शियनांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त मांजरं बाधित निघाली होती.

हा दोष प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. एक बाधित आणि एक निरोगी अशी जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दोन्हीकडून दोष मिळालेला गर्भ पोटातच जातो, त्यामुळे जिवंत बाधित मांजरात नेहमी दोषाची एकच प्रत सापडते. "दोष लपून बसलेला, पण मांजर निरोगी" असा प्रकार इथे नाही. दोष आहे म्हणजे गाठी आहेत. त्या किती वेगाने वाढतील हे मात्र मांजरागणिक बदलतं. पाचव्या वर्षी गेलेलीही असतात आणि चौदाव्या वर्षी दुसऱ्याच कारणाने गेलेलीही असतात.

५. मग सोनोग्राफी करू की डीएनए तपासणी?

पिल्लू लहान असेल किंवा त्याची पैदास करायचा विचार असेल, तर डीएनए. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात, वयाची अट नाही, आणि एकदाच करायची. मोठं मांजर असेल आणि गाठी किती, केवढ्या हे कळायला हवं असेल, तर सोनोग्राफी. साधारण १० महिन्यांनंतर केलेली सोनोग्राफी भरवशाची. त्याआधी केलेली "स्वच्छ" आली तर आनंद जपून करा, गाठी अजून दिसण्याएवढ्या झालेल्या नसतील.

डीएनए निगेटिव्ह आणि सोनोग्राफीत गाठ, असंही क्वचित होतं. एका किडनीत एखादी गाठ दुसऱ्या कारणानेही येते. दोन्ही किडन्यांत अनेक गाठी आणि मांजर पर्शियन, हे चित्र वेगळं.

सोनोग्राफी मांजरांचं नेहमी पाहणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. मोठ्या शहराबाहेर असाल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं लक्षात ठेवा. निघण्यापूर्वी फोन करून कोणत्या दिवशी कोण असतं ते विचारा, म्हणजे मांजराला उगाच एसटीचा प्रवास घडणार नाही.

६. घरच्या घरी काय मोजू? डॉक्टर म्हणतात "लक्ष ठेवा", पण कशावर?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून उत्तर लांब आहे. एक वही किंवा फोनमधली एक नोंद, आणि त्यात फक्त या गोष्टी.

वजन. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, खाण्याआधी. मांजराला कडेवर घेऊन आपल्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि मग वजाबाकी करायची, हा प्रकार सोडा. त्या काट्याला शेदोनशे ग्रॅमचा फरक नीट कळत नाही आणि आपल्याला नेमका तोच पकडायचा असतो. तान्ह्या बाळाचा काटा किंवा पार्सल मोजायचा डिजिटल काटा घ्या. ४ किलोच्या मांजराचं २०० ग्रॅम वजन कमी होणं म्हणजे शंभरात पाच. ठरवून डाएट चालू नसताना एवढं कमी झालं तर डॉक्टरांना कळवा. ४०० ग्रॅम गेलं तर वाट पाहू नका. पर्शियनच्या केसांखाली हडकुळेपणा दिसत नाही. पाठीच्या कण्यावरून आणि बरगड्यांवरून बोटं फिरवा, म्हणजे कळेल.

पाणी. दर आठवड्याला मोजायची गरज नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा, सलग दोन दिवस. भांड्यात मोजून ओता, २४ तासांनी उरलेलं मोजा, भागाकार करा. किलोमागे दिवसाला ५० मिलिपर्यंत ठीक. १०० मिलिच्या वर गेलं तर नक्की काहीतरी बिघडलंय: किडनी, मधुमेह किंवा थायरॉइड. कोरड्या खाण्यावरचं मांजर ओल्या खाण्यावरच्यापेक्षा जास्त पिणारच, त्यामुळे तुलना त्याच मांजराच्या आधीच्या आकड्याशी करा. घरात दोन-तीन मांजरं असतील तर हा हिशेब बसत नाही. मग लिटरकडे, म्हणजे शी-शूच्या ट्रेमधल्या मातीकडे बघा.

लिटर. गोळे होणारं लिटर असेल तर रोज किती गोळे आणि केवढे, हे उपसणाऱ्याला आपोआप समजतं. ते अचानक मोठे आणि जास्त व्हायला लागले की लघवी वाढली. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय आणि काहीच होत नाहीये, ही मात्र वहीत लिहायची गोष्ट नाही. लघवी तुंबलेली असू शकते आणि ती एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते.

चौथी गोष्ट श्वास, ती प्र. १० मध्ये. भूक, उलट्या, उडी मारताना अडखळणं हे दिसेल तसं तारखेसह टिपा. शक्य असेल तर व्हिडिओ काढा. दवाखान्यात टेबलावर ठेवलं की मांजर दगडासारखं बसतं, लंगडत असलेलंही लंगडत नाही.

७. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. म्हणजे किडनी ठीक ना?

रिपोर्टमध्ये फक्त क्रिएटिनिन असेल तर नाही म्हणता येत. ते हद्दीबाहेर जातं तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम संपलेलं असतं. एसडीएमए ही रक्ताची तपासणी त्याच्या आधी इशारा देते. लघवीची घनता तर अगदी स्वस्तातली तपासणी, आणि तरी ती वारंवार राहून जाते. चांगल्या किडनीचं मांजर लघवी घट्ट करू शकतं, घनता १.०३५ च्या वर असते. याबरोबर रक्तदाब. मांजराचा रक्तदाब मोजता येतो, शेपटीला किंवा पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधून. वरचा आकडा सतत १६० च्या वर राहिला तर डॉक्टर दखल घेतात. १८० च्या वर डोळ्यांचा पडदा सुटून एका रात्रीत आंधळेपण येऊ शकतं.

पीकेडी माहीत असेल तर हे सगळं वर्षातून एकदा, सात वर्षांनंतर सहा महिन्यांनी.

८. पीकेडी निघाला. आता काय खायला घालू? ओळखीतल्या एकांनी गोखरू-पुनर्नव्याचा काढा सुचवलाय.

काढा नको. माणसाला चालतं ते मांजराच्या यकृताला पचतंच असं नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते, हे लक्षात असू द्या. ताप वाटला, दुखतंय असं वाटलं, तरी घरातल्या डब्यातली गोळी द्यायची नाही. वेदनाशामकांपैकी काही किडनीलाच मारक असतात.

गाठी बसवणारं औषध सध्या नाही. ओलं खाणं, दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी, रक्तदाब ताब्यात, एवढं आपल्या हातात. किडनी डाएटची पिशवी मात्र निदान झाल्याच्या दिवशी आणू नका. किडनीचं काम अजून चांगलं असताना प्रथिनं आणि फॉस्फरस कमी करायची घाई नसते. कोणत्या टप्प्याला सुरू करायचं ते प्र. ७ मधल्या आकड्यांवरून डॉक्टर ठरवतील.

९. मेन कूनची एचसीएमची डीएनए तपासणी निगेटिव्ह आहे. म्हणजे हृदयाची काळजी मिटली?

नाही. याबाबत लोकांची सगळ्यांत जास्त फसगत होते. एचसीएम म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होणं. मेन कूनमधला एक जनुकदोष २००५ मध्ये सापडला आणि रॅगडॉलमधला वेगळा दोष २००७ मध्ये. तपासणी फक्त त्या एका दोषाची होते. तो नसलेल्या मेन कूनलाही एचसीएम होतो, आणि एक प्रत असलेली कित्येक मांजरं जन्मभर ठणठणीत राहतात. दोन प्रती असतील तर मात्र धोका खराच मोठा. आणि मेन कूनची तपासणी पर्शियनला किंवा ब्रिटिश शॉर्टहेअरला करणं म्हणजे पैसे पाण्यात.

खरी तपासणी म्हणजे इको, हृदयाची सोनोग्राफी. भिंत ६ मिमी किंवा जास्त भरली तर एचसीएमची शंका धरतात. पण वयस्कर मांजरात वाढलेलं थायरॉइड आणि रक्तदाब यांनीही भिंत जाड होते, म्हणून ते दोन्ही तपासूनच नाव द्यायचं. धोक्याच्या जातींत वर्षातून एकदा इको करणं चांगलं. एकदा स्वच्छ आलेला इको कायमचा दाखला नव्हे. स्टेथोस्कोपने काही ऐकू आलं नाही म्हणून सुटलो, असंही नाही. काही बाधित हृदयं अगदी शांत असतात.

गावठी मांजरांनाही हा आजार होतो बरं का. विलायतेत साध्या, वरवर निरोगी मांजरांच्या पाहण्यांमध्येही शंभरात पंधराच्या आसपास सापडला आहे.

१०. श्वास कसा मोजायचा? उन्हाळ्यात तर आमची धापाच टाकते.

गाढ झोपेत असताना. छाती वर आणि खाली मिळून एक श्वास. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. झोपेत मिनिटाला ३० पेक्षा कमी हवेत. घुरघुरत असताना, स्वप्नात पाय हलत असताना किंवा नुकतंच खेळून आडवं झालेलं असताना मोजू नका. पहिल्या आठवड्यात रोज मोजून तिचा नेहमीचा आकडा काढा, मग आठवड्यातून एकदा पुरे. एचसीएम ठरलेला असेल तर रोज.

नागपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात दुपारी आकडा वाढलेला दिसेल. म्हणून पहाटे किंवा कूलरच्या खोलीत मोजा. थंड खोलीत, झोपेतही ३० च्या वर सतत जात असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. तोंड उघडून धापा टाकणं मांजरासाठी कधीच साधी गोष्ट नाही. कुत्र्याचं वेगळं. चपट्या नाकाचं पर्शियन उन्हात असं करत असेल तर आधी गारव्यात न्या. दहा मिनिटांत थांबलं नाही तर गाडी काढा.

११. सकाळी अचानक मागचे दोन्ही पाय लुळे पडले, ओरडतेय. पडली असेल का?

हे वाचत बसू नका, निघा. पडलेली असू शकते. पण पाय गार लागत असतील आणि पंजाच्या गाद्या पांढुरक्या किंवा निळसर दिसत असतील, तर हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकलेली असण्याची शक्यता मोठी. एचसीएमचं हे कित्येकदा पहिलंच लक्षण असतं. चोळू नका, शेकू नका. वेदना भयंकर असतात, म्हणून वेदनाशमन हाच पहिला उपचार. यातून सगळी वाचत नाहीत, हे डॉक्टर सांगतील तेव्हा ते खरं सांगत असतात. ज्यांचा आजार आधी इकोमध्ये सापडलेला असतो, त्यांना गुठळी टाळण्यासाठी औषध सुरू करता येतं.

१२. आमचं घर शाकाहारी. मांजर दूधभात आणि पनीर खातं. हृदयाचा आजार निघाला, तो आनुवंशिक असेल का?

कदाचित अजिबात नसेल. मांजराला टॉरीन लागतं. ते मांस आणि मासळीतून मिळतं, भातातून नाही. ते कमी पडलं की हृदय ढिलं आणि मोठं होतं. एचसीएमच्या नेमका उलट प्रकार. टॉरीनच्या कमतरतेने होणारा हा हृदयविकार टॉरीन दिल्यावर सुधारतो, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. जनुकांना दोष देण्याआधी डॉक्टरांना ताट खरंखुरं सांगा. घरात मांस शिजवायचं नसेल तर तयार कॅट फूड ठेवा. कुत्र्याचं खाणं मात्र चालत नाही.

१३. स्कॉटिश फोल्डचे कान किती गोड! याला काय आजार असणार?

कानच आजार आहेत. कान दुमडतात ते कूर्चा नीट न घडल्याने, आणि कूर्चा फक्त कानात नसते. १९६१ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या सूझी नावाच्या मांजरीपासून ही जात चालत आली. दुमडलेल्या कानाच्या प्रत्येक मांजराच्या सांध्यांत कमीजास्त प्रमाणात हा दोष असतो. खुद्द ब्रिटनमधल्या मांजर-नोंदणी संस्थेने सत्तरच्या दशकातच तिची नोंदणी थांबवली.

घरात आहेच तर हे पाहा: शेपूट मुळाशी हळूच वरखाली केल्यावर ताठ वाटते का, उडी मारायचं टाळतंय का, माणसासारखं टेकून बसतंय का. ते बसणं फोटोत छान दिसतं. बरेचदा ते दुखण्यामुळे असतं. एक्स-रे काढा. वेदनेवर औषधं आहेत, वजन आटोक्यात ठेवणं आहे, सोफ्याला पायरी लावणं आहे. नवीन घेणार असाल तर आमचं मत: घेऊ नका. सरळ कानाचं भावंड घ्या.

१४. पंच फेसच्या डोळ्यांतून सतत पाणी. हेही आनुवंशिक?

चेहऱ्याची ठेवणच आनुवंशिक. अश्रूंची नळी वाकडी होते, पाणी गालावर उतरतं. दिवसातून दोनदा उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा. पाणी पारदर्शक किंवा तपकिरी असेल तर ठीक. हिरवा-पिवळा चिकट द्रव, डोळा मिचकावणं किंवा बुबुळावर काळा ठिपका दिसला तर दाखवा. त्या जातीत बुबुळाचा एक तुकडा मरून काळा पडण्याचा आजार असतो. माणसाचे ड्रॉप घालू नका, त्यांत स्टिरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळा जाऊ शकतो.

१५. पांढरी शुभ्र, दोन्ही डोळे निळे. हाक मारली तर बघत नाही. हट्टी आहे की बहिरी?

बहिरी असण्याची शक्यता बरीच. दोन्ही डोळे निळे असलेल्या पांढऱ्या मांजरांत शंभरात ६५ ते ८५ बहिरी असतात. एकच डोळा निळा असेल तर ४० च्या आसपास. झोपेत असताना, वारा किंवा जमिनीचा धक्का लागणार नाही अशा अंतरावरून चावी वाजवून पाहा. एका कानाने बहिरी असेल तर घरी कळत नाही. उपचार नाही आणि फारशी गरजही नाही. फक्त बाहेर सोडू नका.

१६. रक्तगट मांजरांनाही असतो?

असतो: ए, बी आणि क्वचित एबी. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त पहिल्याच वेळी दिलं तरी ते दगावू शकतं, आणि "कुणालाही चालणारा" गट मांजरांत नाही. ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्समध्ये बी गट बऱ्यापैकी सापडतो, पर्शियनमध्येही थोडा. पिल्लं पहिल्या एक-दोन दिवसांत कोमेजली आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर आई बी आणि पिल्लू ए असण्याचा संशय घ्या, लगेच दूध तोडा आणि फोन करा. पैदास करणाऱ्यांनी जोडी लावण्याआधी दोघांचे रक्तगट पाहायलाच हवेत.

१७. नसबंदीआधी काही वेगळी तपासणी?

जात डॉक्टरांना आठवणीने सांगा. पर्शियन असेल तर किडनीची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी, मेन कून किंवा रॅगडॉल असेल तर शक्यतो इको. एचसीएम माहीत असेल तर तसं स्पष्ट सांगा, कारण सलाईन जास्त गेलं किंवा लांब मुदतीचं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर असं हृदय कोलमडू शकतं. खाजेसाठी दुसऱ्याच दवाखान्यात नेताना हे सांगायचं हमखास राहतं. मांजराच्या लसीकरणाच्या पुस्तिकेवर पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवा.

१८. बोक्याला पीकेडी आहे, पण दिसायला राजबिंडा. एकदाच पिल्लं घेतली तर? आणि त्याच्या आधीच्या पिल्लांचं काय?

एकदाच म्हणजे चार पिल्लांतली सरासरी दोन बाधित (प्र. ४), आणि ती पुढे कुणाच्या तरी घरी जाणार. नको. त्याची नसबंदी करा. आधीची पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्यांना रिपोर्टचा फोटो पाठवा, "डीएनए करून घ्या" एवढं लिहून. ज्याच्याकडून बोका आणला त्यालाही पाठवा. तो फोन उचलणार नाही कदाचित, भांडेलही, पण त्याच्याकडे त्याच आईबापांची जोडी अजून असेल तर पुढची पिल्लं तिथूनच येणार आहेत.